दहापैकी दोन

प्रिय बाईसाहेब,

अहवाल मिळाला. दोनदा वाचला. तिसऱ्यांदा हातात घेतला आणि मिटून ठेवला. तू मला ओळखतेस. रागावण्याआधी मी स्वतःचीच उलटतपासणी घेते, म्हणून तर हॉस्टेलवर तू माझं नाव तराजू ठेवलं होतंस. या वेळीही घेतली. घर आपलं आहे म्हणून तर अंगाची आग होत नाही ना, असं विचारलं. उत्तर आलं, हो, म्हणूनच होते आहे. मग विचारलं, घर दुसऱ्या कोणाचं असतं तर तू लिहिलेलं खरं ठरलं असतं का? नसतं. तेव्हा आता मी निर्धास्तपणे रागावते आहे आणि तू हे पत्र शेवटपर्यंत वाचणार आहेस.

तुझं वाक्य जसंच्या तसं उतरवते, म्हणजे मी तिखटमीठ लावलं असं व्हायला नको. 'स्थानिक रहिवाशांची या सांस्कृतिक भूदृश्याविषयीची आस्था अत्यल्प असून स्थलांतरास विशेष विरोध अपेक्षित नाही.' कारण काय, तर बाहेरून येणाऱ्यांनी आमच्या डोंगरउताराला सरासरी नऊ गुण दिले आणि आम्ही, तिथे राहणाऱ्यांनी, अडीच. म्हणून उतारावरचे दगडी बांध आणि अंजिराची झाडं राखायची, समोरच्या रस्त्याच्या वळणावर उभं राहून बघणाऱ्यांसाठी. आणि त्या बांधांच्या मधली आमची घरं उचलून बसथांब्यामागच्या माळावर नेऊन ठेवायची. बांध हवेत, बांध घालणारे नकोत. लेकरू गोंडस आहे, आईला तेवढी बाहेर बसवा!

वर फोनवर मला म्हणालीस, 'आकडे तूच आणलेस ना? तुझ्या आईनेच दोन दिले, त्याला मी काय करू? उगाच भावनिक होऊ नकोस.' हो, आकडे मीच आणले आणि त्यातला एकही खोटा नाही. जो जे बोलला ते मी लिहिलं. पण मी नुसते आकडे लिहिले नव्हते. प्रत्येक आकड्याशेजारी माणूस काय म्हणाला तेही लिहिलं होतं, बारीक अक्षरात, जागा पुरेना म्हणून आडवं. ते सगळं तू गाळलंस. शेरे मोजता येत नाहीत म्हणे. मग जे गाळलंस ते आता ऐक.

आमच्या वाडीत मी गुण द्यायचे ते पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो घेऊन गेले, तेव्हा आधी निम्म्यांना आपला डोंगर ओळखूच आला नाही. फोटो समोरच्या वळणावरून काढलेला, आणि त्या वळणावर आमच्यातलं कोणी कशाला जाऊन उभं राहील? माझ्या काकाने फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाला, 'कुठलं गं हे? आपल्या आसपास असतं तर एकदा बघून आलो असतो.' मी सांगितलं की काका, तुम्ही यातच राहता, तर माझ्याकडे असा बघायला लागला, जणू शिकून माझं डोकं फिरलं असावं. आईने फोटोत आपलं घर शोधलं. सापडेना. मग दोरीवरचं धुणं शोधलं, तेही नाही. फोटोची कड बोटाने चाचपत म्हणाली, 'आपल्यालाच कापलंय की काय यांनी?' मी तेव्हा हसले होते. तुझा अहवाल वाचल्यापासून ते वाक्य घशाखाली उतरत नाही.

मग गुणांची पाळी आली. तुला ठाऊक आहे, आमच्या घराण्यात पुस्तक उघडणारी पहिली मी. त्यामुळे मी विचारते म्हटल्यावर सगळे आंघोळ करून, केस विंचरून बसले होते, जणू त्यांचीच परीक्षा आहे. आईने परक्या तळ्याच्या फोटोला नऊ दिले. का, विचारलं तर म्हणाली, 'दुसऱ्याचं आहे, त्याला कमी कसं द्यायचं? बरं दिसतं का?' आणि आमच्या उताराला? 'लिही दोन.' मी म्हटलं, आई, नीट विचार कर. तर मलाच दटावलं, 'आपल्याच तोंडाने आपली काय वाखाणणी करायची? दोन लिही नि चहा घे.' शेजारची शिंपीणकाकू दारातूनच ओरडली, 'माझे तीन लिही गं. नाहीतर नको, हिने दोन दिलेत, मी तीन दिले तर म्हणेल शिंपीण शेफारली.' असे आले ते अडीच.

आता तुझे ते नऊ कुठून आले तेही सांगते, कारण वळणावरच्या कठड्याशी तेच पुठ्ठे घेऊन मीच उभी होते. गाडीतून उतरायचे, फोटो काढायचे, मी विचारलं की हात झटकत नऊ द्यायचे. कोणी दहा दिले. दहा देणाऱ्या एका गृहस्थांनी मला विचारलं, 'पाण्याने झीज होऊन असे टप्पे पडतात का हो?' त्यांच्या बाईंनी नऊ दिले, वाळत घातलेल्या चादरींचा एक कापून. माझ्या आईच्या चादरी! ज्या माणसाला तिथे माणसाचा हात लागलाय हेसुद्धा कळलं नाही, त्याची आस्था दहा, आणि जिचे हात तिथल्या दगडांनी सोलवटले, तिची दोन. आणि या दोन आकड्यांना एकाच काट्यावर ठेवून तू बेरीज-भागाकार केलास. मला तराजू म्हणतेस आणि स्वतः असा काटा मारतेस?

हे न कळण्याइतकी तू परकी असतीस तर मी पत्र लिहिलंच नसतं. एखादी हरकत टाईप करून कचेरीत दिली असती. पण परीक्षा संपल्यावर तू आमच्याकडे आली होतीस, आठवतं? आईने ताट पुढे केलं आणि म्हणाली, 'आज भाजी अगदीच बिघडली बघ. नि घर तरी कसलं, चार भिंती उभ्या केल्यात झालं.' तू बिचारी शहरातली. समजूत घालायला म्हणून म्हणालीस, 'नाही हो काकू, ठीक आहे, चालेल.' आईचं तोंड एवढंसं झालं. ती आत निघून गेली आणि मी तुला मागच्या अंजिराखाली ओढत नेलं. तिथे मी तुला समजावलं होतं की अगं वेडे, आई वाईट म्हणते तेव्हा ती वाट बघत असते. तिने नावं ठेवायची आणि पाहुण्याने ती खोडून काढायची, असं असतं हे. तिने माझ्याबद्दलही हेच केलं होतं. मी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले तेव्हा साऱ्या वाडीला सांगत सुटली, 'झाली बाई कशीबशी पास.' सांगताना डोळे गळत होते. तुझ्या हिशेबाने मलाही दहापैकी दोनच मिळाले म्हणायचे.

तू हुशार. संध्याकाळी जेवायला बसलीस तेव्हा भाजी तीनदा मागून घेतलीस. आईने पुन्हा घराला नावं ठेवली तेव्हा पाय पसरून म्हणालीस, 'काकू, आता मला हाकललंत तरी मी इथून जायची नाही.' आई इतकी हसली की तिला ठसका लागला. ते वाक्य ती अजून सांगते. कोणी घरी आलं की सांगते. आणि ती भाजी खाल्लेल्या हातानेच तू लिहिलंस, विशेष विरोध अपेक्षित नाही. तुला वाचता येत नव्हतं असं नाही गं. तुला वाचायचं नव्हतं. अहवाल वेळेत द्यायचा होता.

सुनावणी पुढच्या सोमवारी आहे, नगरभवनात. मी आईला सगळं सांगितलं, घर जाऊ शकतं हेसुद्धा. ती उठून बांधापाशी गेली. मग म्हणाली, 'म्हणजे मी दहा म्हणायला हवे होते? माझ्या तोंडाने?' मी म्हटलं, सोमवारी पुन्हा विचारतील, तेव्हा तरी म्हण. तिने बांधावरचा निखळलेला दगड परत बसवला, वरून दोनदा थोपटला, आणि म्हणाली, 'विचारू देत. मी दोनच म्हणणार. बाकीच्यांनी काय म्हणायचं ते त्यांनी बघावं.' काकाचंही तेच. शिंपीणकाकू फार तर अडीचवर येईल. मला या हट्टाचा इतका संताप आला की मी घराबाहेर जाऊन उभी राहिले. पण खरं सांगते, तिने दहा म्हटले असते तर ते मला आवडलं नसतं. ती आमची राहिली नसती.

ज्यांनी मला या पाहणीच्या कामावर ठेवलं त्या साहेबांना मी कळवलं आहे की मी सुनावणीत अहवालाच्या विरुद्ध उभी राहणार. ते म्हणाले, मग आमच्याकडे कामाला उभ्या राहू नका. ठीक आहे. पण माझ्या बोलण्याने काही होणार नाही हे मलाही कळतं. मी त्याच घरची. माझ्या तोंडी ते घरचंच कौतुक. यजमानाने दोन म्हणायचे आणि दहा पाहुण्याने म्हणायचे असतात. आणि त्या कठड्याच्या अलीकडे येऊन आमच्या घरात जेवलेली पाहुणी तू एकटीच आहेस. म्हणून हे पत्र. सोमवारी तू तिथे अहवालाची लेखिका म्हणून येशीलच. तेव्हा उठून सांग की ते दोन तू कसे वाचायला शिकली होतीस आणि कोणाच्या अंजिराखाली. सांगितलं नाहीस तर मी सांगेन, सगळ्यांसमोर, तीनदा मागितलेल्या भाजीसकट. ते तिथे पहिल्यांदा ऐकायला लागू नये, म्हणून आधी कळवते आहे. सोबत पिशवी आहे. पत्र तुला जातंय म्हटल्यावर आईनेच भरली. निरोपही दिला आहे, तो शब्दशः लिहिते, तुझ्यासारखा गाळत नाही: 'तिला सांग, यंदाचे अंजीर काही खास नाहीत.'

तुझीच,
तराजू