उंदराच्या मांगं रांग

ग्लासगो

माय, तुह्या पायाले हात लावून सांगते, मी बरी आहे. ठेचा पुरून राहिला. तूर निघाली का?

बाबा म्हणाले, तू अकोल्याच्या डॉक्टरले गुडघ्याचं ऑपरेशन नको सांगून आली, वरून म्हणाली, "माही पोरगी मशीनवर गुडघे छापते, तिच्या हातचाच बसवीन." काहून वं माय?

मशीन म्हंजे सोऱ्याच समज. जिवंत पेशींचा चीक त्यातून थरावर थर पडते, कुरोडीवानी. आतापर्यंत गुडघ्याच्या गादीचा बोराएवढा तुकडा जमला. तो आधी उंदराले बसवतील, मंग बकरीले. माणसाचा नंबर लई दूर आहे.

तू वावरात जाणं सोडलं, हे मले आधी कोणी सांगितलं नाही.

ऑपरेशनची तारीख घे, मी येते. उंदराच्या मांगं रांगेत उभी राहू नको.

तुही गुडघेवाली,
पौर्णिमा