भागिरथाचा पाला

वाशीम, सोमवार

प्रिय भागिरथा,

तुझ्या निर्गुडीच्या शेकासाठी मी डॉक्टरांच्या गोळ्या महिनाभर बंद ठेवल्या. आज बोटं पुन्हा सुजली. वेणीसुद्धा घालता आली नाही. काल तू म्हणालीस, "बाई, वात निघून राह्यला, म्हणून ठणकते. रडता कायले? मास्तरीण ना तुमी?" मी रडत नव्हते.

उद्यापासून गोळ्या पुन्हा सुरू करते. हे पत्र तुला माझा भाऊच वाचून दाखवेल आणि तुझ्या पाल्याला हसेल, म्हणून टाकणार नाही. सूज उतरली की तुझ्या शेकानंच उतरली, असं मी सांगेन. रविवारची इकडे यायची मोटार मात्र चुकवू नकोस. मला रागावणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

तुझी नणंद,
विमल