एक नंबरचं टोकन

नांदेड, १२ डिसेंबर २०२४

ती. अप्पांस,
मंजुश्रीचा शि. सा. नमस्कार आणि शरणार्थ.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून बोलायचं त्राण मला उरलेलं नाही, म्हणून लिहिते. मी लागले तेव्हा कंपनीची सात दुकानं होती. लातूरचं आता त्रेसष्टावं. गावोगाव तीच मांडणी, तेच 'एकावर एक फ्री', आणि नव्या पोरींना तेच शिकवणारी मी. सकाळी उठल्यावर कोणत्या गावात आहे ते आठवावं लागतं.

लातूरचं उद्घाटन तीस डिसेंबरला ठरलंय, म्हणजे नेमकं येळवशीच्या अमावस्येला. त्या दिवशी सगळं लातूर शेतात जेवायला असतं, असं साहेबांना सांगितलं. त्यांनी कॅलेंडर काढून विचारलं, सुट्टी कुठे लिहिलीय. माझी ही चौथी येळवस हुकणार. रागावू नका, माया कमी करू नका.

तुमची मंजुश्री

चाकूर, १७ डिसेंबर

चि. मंजुश्रीस,
अप्पांचे अ. उ. आ.

रागवायलाही अंगात जोर लागतो. आपल्या किराणा दुकानाला मी दर येळवशीला कुलूप लावतो, गिऱ्हाईक काही पळून गेलं नाही. तुमच्या त्रेसष्ट दुकानांत मिळून एक कुलूप नाही का? तुझी आई म्हणते, पोरगी नुसती राबून राहिली, तिला आंबील कोण पाजंल. मी मात्र त्या दुकानाची पायरी चढणार नाही, हे आधीच बोललोय.

जिवाला जप.

अप्पा

लातूर, ३१ डिसेंबर

ती. अप्पांस, शि. सा. न.

काल दुपारपर्यंत दुकानात आम्ही चाळीस कर्मचारी आणि गिऱ्हाईक एकही नाही. साहेब फुगे बघत बसले. मीटिंग संपवून बाहेर आले तर सामान ठेवायच्या खिडकीत काव-चुन्याने रंगवलेली, आंबिलीचं मडकं असते तशी बिंदगी दिसली. आपली बिंदगी मी लांबूनच ओळखली. एक आजोबा तासभर थांबून बसची वेळ झाली म्हणून गेले, असं खिडकीवरच्या पोरीने सांगितलं.

बिंदगी मागितली तर तिने दिली नाही. टोकनशिवाय सामान कोणालाच द्यायचं नाही, हे मीच तिला शिकवलंय, आणि साहेब शेजारी उभे होते. आज सकाळी आंबील फसफसून फडक्याबाहेर आली होती. अप्पा, मी तिथेच उभ्या उभ्या रडले. टोकन तुमच्या खिशात असेल, तेवढं पोस्टाने पाठवा.

तुमची मंजुश्री

चाकूर, ४ जानेवारी २०२५

चि. मंजुश्रीस, अ. उ. आ.

पायरी चढलो, बोलल्याला जागलो नाही. दुकान फार मोठं आहे. त्यात माझी लेक कुठे असेल, ते कोणाला विचारावं कळेना. त्या पोरीने एक नंबर लिहिलेला बिल्ला दिला. मला वाटलं, पहिल्या गिऱ्हाइकाला बक्षीस असेल, म्हणून खिशात घातला. तिला बोलू नकोस, तू शिकवलंस तेच तिने केलं.

बिल्ला देवघरात ठेवलाय. पोस्टाने पाठवणार नाही. न्यायला तू ये. आईनं पुन्हा आंबील लावली आहे.

वाट पाहणारे,
अप्पा