दादा घाबरला होता

९ मार्च

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा खोकला कमी आहे. तुमचे गुडघे काय म्हणतात? माझ्याकडे शिवणकाम वाढलंय. खोलीभर पडद्यांचं कापड, जेवणाचं ताट मांडीवर घ्यावं लागतं.

तुमचं पत्र मिळालं. ‘तिने भर सभेत मला मान खाली घालायला लावली. माफी मागावी आणि घरी यावं.’ आईला वाचून दाखवलं. म्हणाली, “कापड सरळ धर.” बस्स.

काय केलं हो तिने? दादाच्या नावाची पाटी बसवताना तुम्ही माइकवर म्हणालात, “माझ्या मुलाला भीती ठाऊकच नव्हती.” टाळ्या पडल्या. आई उभी राहिली. “खोटं आहे. घाबरला होता तो.” आणि मग जी रडायला लागली! तुम्ही मला खुणावलंत, बाहेर ने. मी नेलं, ते थेट माझ्या घरी.

शेवटच्या सुट्टीत दादा न्हाणीघरात नळ सोडून रडायचा. आई दाराशी उभी राहिली, तर तुम्ही म्हणालात, “लाड नकोत. लढाईवर चाललाय तो.” निघताना तो तुमच्या गळ्यात पडायला पुढे आला. तुम्ही हात मिळवलात. तो गेल्याची बातमी आली तेव्हाही तुमचा हुकूम, “या घरात कुणी रडायचं नाही.” नाही रडलो. आईचं तर बोलणंच आटलं.

आता ती रडते. भाजी चिरताना, काजं करताना, गिऱ्हाइकांच्या देखत. मग नाक पुसून दादाच्या खोड्या सांगते. परवा हसता हसता तिला ठसका लागला. या बाईला पुन्हा मुकी व्हायला मी पाठवणार नाही.

माफी मिळणार नाही. दादाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडून मजकूर हवाय ना? घ्या: ‘तो घाबरला होता. तरी गेला.’ यातला शब्द बदलायचा नाही.

एक लिहिणार नव्हते. आईला बाहेर नेताना मी मागे पाहिलं. तुमचं तोंड उघडं होतं, आवाज फुटत नव्हता. लोकांना तो राग वाटला. मला नाही वाटला.

या इकडे. हुकूम चालणार नाहीत. बाकी इथे रडू आलं तर येऊ द्या, लोकांना दिसू नये म्हणून आम्ही दार लावून घेऊ.

तुमची,
उरलेली एक