नाडाछडीची गाठ

गोरवा, मंगळवार, दिवेलागण

मशीन चालवणाऱ्या स्वातीची आज काही चूक नव्हती. आधी हे लिहून टाकतो, नाहीतर उद्यापर्यंत माझं खोटं मलाच खरं वाटायला लागेल.

विमान कंपनीचे साहेब येणार म्हणून सकाळी मीच पूजा केली आणि रंग छापणाऱ्या मशीनच्या हाताला लाल नाडाछडी, म्हणजे पूजेचा दोरा, बांधली. हौसेनं, चांगली जाड गाठ मारून. साहेबांसमोर मशीन विमानाच्या शेपटीच्या पत्र्यावर निळा पट्टा छापत निघालं. सपाट भागावर झकास. "वाह शेठ, सरस छे!" साहेब खूश. मग गोलाई आली, हात पत्र्याकडे वाकला आणि मला खर्र ऐकू आलं. अगदी बारीक. स्प्रे गनचा आवाज ऐकत इथवर आलेला माणूस मी, मला कळणार नाही? गाठ घासत होती. माझी गाठ.

स्वातीनं मशीन थांबवलं. "काका, काहीतरी घासतंय."

आणि मी काय म्हणालो? "नवीन आहे हो, कान वाजतात हिचे!" सगळे हसले. मशीन परत चालू केलं. पुन्हा तेच खर्र. जाताना साहेब म्हणाले, "मोठ्या कामाला अनुभवी माणूस ठेवा." मी मान हलवली. कशाला हलवली?

ते गेल्यावर गुपचूप गाठ सोडली. निळी झाली होती, आणि पट्ट्यावर केसाएवढी रेघ. तेवढ्यात स्वाती आली. "सॉरी काका, साहेबांसमोर तुमची पंचाईत केली."

गाठ मुठीत लपवून म्हणालो, "होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

म्हणजे वर मीच तिला माफ केलं.