धाकल्या मालकाच्या नावानं

मु. वडीगोद्री, ता. अंबड
वैशाख शुद्ध द्वितीया, शके १८६०

प्रिय रामराव,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर लिहायला लगेच बसलो होतो, पण लिहिलेलं वाचून पाहिलं तेव्हा त्यात उत्तर कमी आणि राग जास्त दिसला, फाडून टाकलं. मग रोजनिशीत लिहून पाहिलं. तिथं मी स्वतःलाच इतका शहाणा ठरवत गेलो की दुसऱ्या दिवशी वाचवेना. आज डोकं शांत आहे. सकाळची कामं उरकून ओसरीवर बसलो आहे, तुझी वहिनी बाजेवर शेवया वाळत घालते आहे, आणि मी ठरवलं आहे की तुला वकिलासारखं नाही, भावासारखं उत्तर द्यायचं.

परतूरच्या कुणा सरकीच्या व्यापाऱ्यानं तुला हैदराबादेत सांगितलं की पाटलांचा थोरला, कॉलेज शिकलेला, एका बाईच्या रानात नांगर धरतो. ऐकून तुझी मान खाली गेली. आप्पांनी कष्टानं हे घर वर आणलं, गावातले लोक आळसामुळं मागं राहिले, आणि मी त्यांच्यात मिसळून घराची किंमत घालवतो आहे, असं तू लिहितोस. हे थांबलं नाही तर वाटणी करून दे, असंही शेवटी आहे. वाटणीचं आधीच सांगून टाकतो. माळाखालचं रान आप्पांनी तुझ्या नावावर केलेलंच आहे. तू म्हणशील त्या दिवशी अंबडला येऊन तुझ्या अर्ध्या वाट्यातल्या बाकीच्याची सही करीन. पण त्याआधी इथं काय झालं ते पुरतं ऐक.

इर्जिकीचा दिवस तुला आठवत असेल. आपल्या काळ्या रानात लाकडी नांगर चालवायचा तर सहा-सहा बैल जुंपावे लागतात, आणि एवढे बैल फार थोड्यांच्या दावणीला असतात. म्हणून आज एकाच्या रानात सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचं, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कुणी घ्यायची नाही, ज्याचं रान त्यानं जेवू घालायचं. उजाडताना बांधावर उभं राहून आप्पा एकेका घराचं नाव पुकारायचे आणि त्या घरचा माणूस अंधुक उजेडातून "हाय" म्हणायचा. आपण दोघं लिंबावर चढून ते ऐकायचो. सगळं गाव आप्पांवर किती जीव टाकतं, असं मला वाटायचं. तुलाही वाटत असणार.

आप्पा गेल्यावर औरंगाबादची मास्तरकी सोडून मी इथं आलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात इर्जिक घातली. आप्पांच्या वेळी आदल्या सांजेला येसकर दारोदार हाळी द्यायचा. मला ते हुकमासारखं वाटलं, म्हणून मी स्वतःच घरोघर विनंती करत फिरलो. सगळे म्हणाले, येतो की पाटील, न येऊन कसं जमंल. तुझ्या वहिनीनं गावजेवणाचं पुरण घातलं. सकाळी बांधावर उभा राहून मी नावं घेऊ लागलो. कारभाऱ्याचं घेतलं, उत्तर नाही. पुंजारामचं घेतलं, उत्तर नाही. मला वाटलं माझा आवाज पोचत नसेल, म्हणून मी मोठ्यानं ओरडायला लागलो, रिकाम्या रानात. शेवटी झुंबरबाईचं नाव घेतलं तेव्हा "हाय" आलं. ओढ्याकाठच्या तुकड्यावर नवऱ्यामागं एकटीनं शेती करणारी ही बाई. आणि तिच्यामागून लालमियाँ पिंजारी आला, ज्याच्याकडं ना रान ना बैल. तो पोळ्यांचा वास घेत आला होता आणि त्यानं तसं सांगितलंही.

झुंबरबाईनं बैल जुंपले नाहीत. म्हणाली, "मी नांगराया न्हाई आल्ते पाटील, कोण येतं ते बघाया आल्ते." मी विचारलं, आमचं काय चुकलं. ती म्हणाली, येसकर आला की न्हाई म्हणायची सोय नव्हती. तुम्ही हात जोडले, सोय झाली. "आन तुमच्या घरचं माणूस मह्या रानात कवा आल्तं ते सांगा." मी सांगितलं, दर साली दोन माणसं धाडतो, आमचा सालगडी कडूबा तर एकदाही चुकलेला नाही. ती हसली. "कडूबा तुमच्या घरचा व्हय? मंग तुमच्या घरच्या लेकीच्या लग्नात मांडवात पुढं बसवायचा व्हता त्याला. तवा तर त्यो मागं लाकडं फोडून राह्यल्ता." कडूबा तिथंच बैलांना पाणी दाखवत होता, त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. मी वाद घातला की नांगर कुणीही धरला तरी रान नांगरलंच जातं. तर म्हणते, "नांगर बैलं ओढत्यात. मंग माणसाला नावानं कशाला पुकारता?" खरं सांगतो, त्या क्षणी ती बाई मला मुळीच आवडली नाही. लालमियाँ पोळी मोडत म्हणाला, "बाई की बात बराबर है. पोळी बी बराबर है."

बघ, चूक केवढी साधी होती. आपण माणूस पाठवत होतो आणि आपल्याला वाटत होतं, आपण जातो आहोत. गावाच्या लेखी आपलं घर कधी कुणाच्या रानात गेलंच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यापासून मी स्वतः जाऊ लागलो. पहिल्या दिवशी कारभाऱ्याच्या रानात माझ्या नांगराचं तास असं वाकडं गेलं की बैलांनी मागं वळून पाहिलं. लालमियाँ बांधावरून म्हणाला, "भुजंगराव, नाव के माफिक चलता है तुमारा नांगर." सगळं रान हसलं. आता तास सरळ जातं. कारभारी मात्र अजून म्हणतो की शिकलेल्यांना असली हौस अधूनमधून येते, पाऊस पडला की उतरते. गेल्या दोन उन्हाळ्यांत आपल्या बांधावरून नावं घेतली तेव्हा उत्तरं येत गेली, सगळी नाहीत, पण येत गेली. आणि ती येसकराच्या हाळीशिवाय आली. आप्पांना हे सुख मिळालं नव्हतं, एवढं मी छाती पुढं काढून लिहितो.

आता तुझ्या मुद्द्याकडं येतो. आप्पा कष्टाळू होते यात शंका नाही. पहाटे उठून शीव फिरायचे, तापातसुद्धा खळ्यावर जाऊन बसायचे. पण कष्टानंच घर वर येत असेल तर कडूबाचं घर दुमजली हवं होतं. तू म्हणशील, नुसते कष्ट नव्हेत, अक्कल लागते. मग झुंबरबाई तुझ्या-माझ्या पुढं असायला हवी होती. हिशोबात, बोलण्यात, माणसं ओळखण्यात ती आपल्याला विकून खाईल. आपल्या घराला पाटीलकी आजोबांच्याही आजोबांपासून आहे आणि रान तिच्याबरोबर आलं. त्या रानावर मी कॉलेजात गेलो, त्याच रानावर तू वकील झालास. तू रात्रंदिवस अभ्यास केलास, मी पाहिलं आहे. पण अभ्यासाला बसायला मिळालं हे तुझे कष्ट नव्हेत. गाव आळशी आहे हे तू लिहिलंस तेव्हा मला राग याचाच आला होता. तो फाडलेल्या कागदाबरोबर गेला. म्हणणं राहिलं आहे.

मी कुणी साधू झालेलो नाही, हेही लिहून ठेवतो. गावात सर्वांत जास्त रान अजून आपलंच आहे आणि चार दिवस नांगर धरल्यानं ते कुणाच्या घरी गेलेलं नाही. माझ्या हाताला फोड आले तेव्हा वहिनीनं हळद-तूप लावलं आणि मी आठवडाभर पुस्तक वाचत पडलो. बाकीच्यांना तसं पडता येत नाही. हे सगळं मी दिसावं म्हणून तर करत नाही ना, असं रोज विचारतो. उत्तर रोज सारखं येत नाही. पण जाणं थांबवावं, असं मात्र एकदाही आलेलं नाही.

आता या चैत्रातली गोष्ट. झुंबरबाईच्या रानात इर्जिक होती. दुपारी पंगत बसली तेव्हा पाहिलं, कडूबा आणि आणखी दोन सालगडी बाजूला बाभळीखाली थांबले होते. आमचं झाल्यावर त्यांना वाढायचं, असा रिवाज. मला ही संधी सोडवेना. मी झुंबरबाईला विचारलं, बाई, मला एवढं बोलता, मग कडूबाच्या रानात आपण सगळे कधी जायचं? ती म्हणाली, त्याला रान कुठं हाय. मी म्हणालो, म्हणजे हा जन्मभर सगळ्यांच्या रानात जाणार आणि याच्याकडं कुणी कधीच जाणार नाही. तिनं वाढायचं भांडं खाली ठेवलं. तेव्हा मी म्हणालो, रान नाही, पण धाबं आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या घरावरचं मातीचं धाबं इतकं गळलं की सगुणाबाई, त्याची बायको, लेकरांना घेऊन आपल्या गोठ्यात झोपायला यायची. जुनी माती उतरवून तुराट्या बदलायच्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, तर एकट्याला महिनाभराचं काम आहे. गाव आलं तर एका दिवसाचं.

कारभारी पानावरून म्हणाला, इर्जिक रानाची असती, घराची न्हाई, आन सालगड्याच्या धाब्यावर माती वाह्यची मंजी उद्या पाटील आमाला त्याची भांडीबी घासाया लावतील. काही हसले, काही हसले नाहीत. झुंबरबाई म्हणाली, "कारभारी, तुमी घासलेली भांडी सगुणाला पुन्हा घासावी लागतील, तवा तुमी मातीच वाहा." मग तिनं बाभळीकडं पाहून हाक मारली आणि त्या तिघांची पानं आमच्याच ओळीत मांडली. कारभारी उठला नाही. एवढ्यावर मला वाटलं, काम झालं.

काम झालं नव्हतं, कारण कडूबानंच नकार दिला. मी त्याच्या घरी गेलो होतो. सगुणाबाईनं दारात घोंगडी टाकली. मला वाटलं तो संकोचतो आहे, म्हणून मी समजूत घालू लागलो, की गावाला तुझी मदत झाली आहे, तू प्रत्येकाच्या रानात गेला आहेस. तो शांतपणे म्हणाला, "न्हाई मालक. मी कुठं गेल्तो? मह्या नावाची हाळी कवा झालीच न्हाई. मी धाकल्या मालकाच्या नावानं गेल्तो."

रामराव, मला हे माहीत नव्हतं; मी जाऊ लागल्यापासून आपल्या घराचं एकच नाव पुकारतात, माझं. आप्पांनी माळाखालचं रान तुझ्या नावावर केलं तेव्हा आपल्या घराची दोन नावं झाली, म्हणून दोन माणसं. आप्पांच्या नावानं जो रिकामा असेल तो जायचा. तुझ्या नावानं कायम कडूबा. तू हैदराबादेत शिकत होतास, वकिली मांडत होतास, लग्न झालं, मुलं झाली, आणि इथं दर उन्हाळ्यात उजाडताना कुणाच्या ना कुणाच्या बांधावरून "रामराव पाटील" अशी हाळी व्हायची आणि कडूबा "हाय" म्हणायचा. त्याचं म्हणणं असं की यात जे काही साठलं असेल ते तुझ्या नावावर आहे, त्याच्या नाही. मग त्याच्या धाब्याला गाव कशाच्या हक्कानं येणार? मी म्हणालो, माझ्या शब्दावर येईल. तो म्हणाला, "तुमच्या शब्दावर आलं तर ती तुमची इर्जिक झाली." सगुणाबाई आतून म्हणाली, लई ताणू नका, पाऊस काय तुमाला इचारून येत न्हाई. त्यावर तो जरा हसला आणि म्हणाला, "धाकले मालक आले, तर मी हाळी देतो."

तेव्हा हे पत्र वाटणीबद्दल नाही आणि तुझ्या पत्राचं उत्तरही नाही. वैशाखी पौर्णिमेला कडूबाच्या धाब्याची इर्जिक धरली आहे. गावात सगळ्यांना कळलं आहे आणि सगळे तू येतोस की नाही याची वाट पाहून आहेत. कारभाऱ्यानं तर लालमियाँशी पैज लावली आहे, आणि लालमियाँ तुझ्या बाजूनं आहे. जेवण सगुणाबाईच्या घरचं, तिनं मोठं पातेलं झुंबरबाईकडून आणूनही ठेवलं आहे. माती वाहायच्या पाट्या मी घेतल्या, तुझी थोडी लहान घेतली. तू आदल्या दिवशी जालन्याला उतर, स्टेशनावर बैलगाडी घेऊन मी स्वतः येईन. कुणाला पाठवणार नाही. वाटणीचे कागद आणायचे असतील तर तेही आण, इर्जिक झाल्यावर सही करतो, पण अर्धं रान घेशील तर त्याच्याबरोबरचं नावही घ्यावं लागेल. त्या सकाळी कडूबा आपल्या दारात घरमालक म्हणून उभा राहील आणि एकेक नाव पुकारील. माझं घेईल, मी उत्तर देईन. मग तुझं घेईल. आजवर त्या नावाला तोच उत्तर देत आला, पण त्या दिवशी त्याला ते देता येणार नाही.

तुझाच थोरला,
भुजंग