तीनदा परत पाठवलेला आरसा

प्रिय वैजू,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. पस्तीस वर्षांत कधी गरज पडली नाही. आधी बेळगावच्या हॉस्टेलची एकच खोली होती, मग या शहराची दोन टोकं झाली, पण रविवारचा फोन होता. आता फोन करता येत नाही म्हणून कागद घेतलाय. खरं सांगू? लिहायचाही कंटाळा आलाय. तू गेल्याला आठ महिने झाले आणि या आठ महिन्यांत मला सगळ्याचाच कंटाळा आलाय. पण एक गोष्ट ठरवायची आहे, आणि ती तुझ्याशी बोलल्याशिवाय ठरत नाही.

नऊ दिवसांपूर्वी शिरीष आला होता. बेळ्ळंदूरचा फ्लॅट सोडून तो लेकीकडे पुण्याला चाललाय. ऋचा आलीय सामान बांधायला. तुझा नवरा मुळात कमी बोलणारा, आता तर त्याला एकेक वाक्य ओढून काढावं लागतं. जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं एक जड गाठोडं त्याने माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "आरसा आहे. शुभदाने पास केला की गावच्या शाळेत पाठवायचा, असं वैजू म्हणायची. आता शुभदा, तूच सांग, काय करू?"

मी म्हटलं, "बघते."

काय बघणार होते मी? पण तोंडातून तेच आलं. कारखान्यात तपासणी विभागात इतकी वर्षं काढल्यावर माणसाच्या तोंडून दुसरं काही येत नाही.

तेव्हापासून तो टेबलावर आहे. मी सकाळी कंपनीच्या बसला पळते, संध्याकाळी सर्जापूर रोडच्या गर्दीत दीड तास बसून घरी येते, चहा करते आणि त्याच्याकडे पाठ करून पिते.

आठवतं तुला, दुसऱ्या वर्षाला लायब्ररीत कुठल्याशा मासिकात तू वाचलं होतंस की दुर्बिणीचा आरसा घरी, हाताने घासून करता येतो? त्या दिवशी मेसमध्ये तू जेवलीच नाहीस. "शुभे, मी एक करणार. आमच्या गावच्या शाळेत ठेवणार." तुझं गाव चिकोडीकडचं, शाळेला धड खिडक्या नव्हत्या, आणि ही तिथे दुर्बीण ठेवणार. मी हसले नाही, कारण माझंही स्वप्न तेवढंच हास्यास्पद होतं. मला डॉक्टरेट करायची होती, आणि बाबांनी सांगून ठेवलं होतं की बी.ई. झालं की स्थळं बघायची. साठ मुलगे आणि आपण दोघी, अशा त्या मेकॅनिकलच्या वर्गात आपल्या स्वप्नांना विचारणारं दुसरं होतं तरी कोण?

आपला नियमही तिथलाच. वर्कशॉपचे सर सांगायचे, जो करतो त्याने तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं. स्वतःच्या कामातली चूक स्वतःला दिसत नाही. आपण ते मनावरच घेतलं. माझी जर्नल्स तू तपासायचीस, तुझी ड्रॉइंग्ज मी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टनंतर कॅन्टीनमध्ये ठरलं की हे जन्मभर चालू ठेवायचं. तुझा आरसा मी पास करणार, माझा प्रबंध तू.

नोकऱ्या, लग्नं, मुलं यांत वीस वर्षं कुठे गेली कळलं नाही. मग एका रविवारी तू फोनवर विचारलंस, "पीएच.डी.चं काय झालं?" मी म्हटलं, आता कसली पीएच.डी.? सासूबाई अर्धांगवायूने पडून आहेत, शनिवारी बाई येत नाही, मला लायब्ररीत कोण जाऊ देणार. तू म्हणालीस, "शनिवारी मी येते." मला वाटलं एखाद्या शनिवारी येशील. तू चार वर्षं आलीस.

रिकामी बसवत नाही म्हणून तू काच सोबत आणलीस. पाण्याचं जुनं पिंप सासूबाईंच्या खोलीत उभं केलंस, त्यावर एक काच बसवलीस, आणि पाणी नि खरखरीत पावडर घालून दुसरी काच तिच्यावर घासत पिंपाभोवती फिरत राहिलीस. आठ इंचांची काच. खर्र खर्र आवाज. सासूबाई पडल्या पडल्या बघायच्या. एकदा म्हणाल्या, "वैजू, किती गं चंदन उगाळतेस? पूजा तरी कुणाची आहे?"

"चंद्राची, काकू."

"मग होऊ दे सावकाश. त्याला कुठे जायचंय."

मी दारात उभी राहून ऐकलं होतं. हातात लायब्ररीची पिशवी होती, आणि त्या दिवशी मला तुम्हा दोघींना सोडून जावंसं वाटत नव्हतं.

प्रबंध तुझ्याकडे दिला तेव्हा तू दोन आठवडे घेतलेस. पेन्सिलीने खुणा करकरून परत आणलास. मी हबकले. म्हटलं, अजून सहा महिने लागतील हे सगळं दुरुस्त करायला. तू म्हणालीस, "सहा महिने नाही, दोन दिवस. जिथे दोन रेघा आहेत तेवढंच बदल आणि देऊन टाक. बाकीच्या चुका आहेत, पण त्यांनी कुणाचं काही अडत नाही." मी ऐकलं, आणि पन्नाशीला टेकताना नावामागे डॉक्टर लागलं. समारंभात माझ्यापेक्षा तूच जास्त मिरवलीस.

मग तुझ्या आरशाची पाळी आली.

पहिल्यांदा तू आणलास तेव्हा पडदे ओढून, दिवा आणि ब्लेड लावून मी तपासला. त्या चाचणीत ब्लेडच्या धारेने प्रकाश अडवला की आरशावर सावल्या पडतात, आणि कुठे किती खड्डा-उंचवटा आहे ते दिसतं. एका बाजूला बाक होता. परत दिला, आणि ते योग्यच होतं. दुसऱ्यांदा मधोमध उंचवटा राहिला होता. परत दिला, तेही योग्य होतं असं मी आजही म्हणेन. तू दोन्ही वेळा मान डोलावलीस, साडीत गुंडाळलास आणि घेऊन गेलीस. ऑफिस सांभाळून एकेका वेळेला तुझं वर्ष, दीड वर्ष जायचं.

तिसऱ्यांदा, दोन वर्षांपूर्वी, आरसा छान होता. वैजू, हे मी तेव्हा तुला बोलले नाही. इतका सुरेख गोलावा मी आमच्या कारखान्यातसुद्धा क्वचित पाहिलाय. फक्त काठ पडला होता, जास्त घासून उतरता झाला होता. अगदी कडेची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी.

तू म्हणालीस, "तेवढ्या पट्टीवर काळ्या कागदाची कड लावू या ना. आरसे करणारे सगळे तेच करतात."

आणि मी काय म्हटलं? "दोष झाकला म्हणजे पास झाला असं होत नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं भांडशील. का नाही भांडलीस? माझ्या प्रबंधातल्या चुका तू पोटात घातल्यास, मग माझ्या तोंडावर का नाही फेकल्यास? नवऱ्याशी, बॉसशी, सोसायटीच्या कमिटीशी भांडायचीस, मग माझ्याशीच कसला मुलाहिजा ठेवलास? तू नुसती म्हणालीस, "सरी, परत घासते." ते कानडी 'सरी', म्हणजे 'बरं', तू दुकानदाराला म्हणायचीस तसं म्हणालीस. मला ते लागलं, तरी मी शब्द मागे घेतला नाही.

शेवटच्या रविवारी फोनवर तू दमलेली वाटलीस. म्हणालीस, हात दुखतात, पॉलिश पुढे सरकत नाही. मी म्हटलं, "होईल गं. घाई काय आहे?" मंगळवारी सकाळी ऑफिसला निघताना तू दाराशीच कोसळलीस. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

घाई काय आहे, असं मी तुला विचारलं होतं. आठ महिने हे वाक्य डोक्यातून जात नाही. बसमध्ये, मीटिंगमध्ये, भाजी निवडताना, कधीही येतं. मला झोप लागते, पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाही. नवरा म्हणतो, रजा घे. रजा घेऊन करू काय? तुला परत बोलावता येतं का रजेत?

काल धीर करून आरसा उघडला. रात्री पडदे ओढले आणि दिवा-ब्लेड लावलं. चौथं पॉलिश अर्धवट आहे आणि काठ तसाच आहे. नियमाप्रमाणे मी हा आरसा आजही परत पाठवायला हवा. पण कुणाला पाठवू?

इथे थांबले. पुढचं सुचेना.

चार दिवसांनी पुन्हा लिहायला बसलेय. मधे एक रविवार गेला. त्याबद्दल सांगायचंय.

शनिवारी मी ऋचाला फोन केला आणि म्हटलं, बाल्कनीत आईने दुर्बिणीसाठी केलेली ती लाकडी नळी आहे ना, जिच्यावर तुम्ही कपडे वाळत घालता, ती घेऊन या. ती म्हणाली, "मावशी, आरसा पास झाला?" मी म्हटलं, नाही, तरी पण या.

रविवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर होतो. शिरीष, ऋचा आणि मी. तुझ्या काचेवर अजून चकचकीत मुलामा चढवलेला नाही, पण चंद्राला नुसती काचही पुरते, हे तूच मला सांगितलं होतंस. मी सकाळी काळ्या कागदाची कड कापून ठेवली होती. कापताना तीन वेळा कात्री वाकडी गेली. ती आरशावर लावून तो नळीच्या तळाशी बसवला.

शिरीष म्हणाला, "आधी तू बघ." मी डोळा लावला. अर्धा चंद्र. वैजू, मला त्यातलं काहीच आधी दिसलं नाही, कारण मी दोष शोधत होते. कडा स्वच्छ होत्या. खड्ड्यांच्या सावल्या मोजता येतील इतक्या स्वच्छ. मग मी कागदाची कड काढली आणि पुन्हा बघितलं. फरक होता. केसभर, पण होता. चंद्राच्या कडेशी थोडासा धूसरपणा आला होता. म्हणजे मी बरोबर होते. तुला सांगते, आयुष्यात बरोबर ठरल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात लक्ष्मक्का आली. ती आमच्याकडे जिने झाडते, विजापूरकडची आहे. वाळलेल्या गोधड्या न्यायला ती वर आली होती. "एनु इदु, अक्का?" हे काय, असं तिने विचारलं. ऋचाने तिला बोलावून उभं केलं. मी कड लावायला विसरले होते, आरसा तसाच उघडा होता. लक्ष्मक्काने डोळा लावला तो काढेचना. मी म्हटलं, झालं का? तर डोळा न काढता म्हणाली, "स्वल्प तडीरी, अक्का." जरा थांबा. मग हळूच, स्वतःशीच बोलावं तसं, "एष्टु हत्तिर इदे." केवढा जवळ आहे.

तो धूसरपणा तिला दिसला असेल का? मी विचारलं नाही. ऋचा रडत होती. शिरीष गच्चीच्या कठड्याला टेकून रस्त्यावरच्या गाड्या बघत होता. मी पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसले आणि पहिल्यांदा, आठ महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्याने रडले. तुझ्या गावची किती मुलं त्या शाळेतून शिकून निघून गेली असतील या दोन वर्षांत? तिसऱ्या खेपेला मी हो म्हटलं असतं तर त्यातल्या प्रत्येकाने हे बघितलं असतं. आणि ते बघत असताना तू शेजारी उभी असतीस. तुला तेवढंच हवं होतं. तुला निर्दोष आरसा कधीच नको होता, तो मला हवा होता.

तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. मला माफ करायलाही तू आता नाहीस, हे मला फार जड जातंय.

तर वैजू, ठरलं ते ऐक. चौथं पॉलिश पुरं करायचं नाही. या आरशाला तुझ्यानंतर कुणाचाही हात लागू देणार नाही. मुलामा तेवढा चढवून घेते. येत्या सुट्टीत ऋचा गाडी चालवेल, मी मागे आरसा मांडीवर घेऊन बसेन आणि तुझ्या गावी जाईन. हेडमास्तरांशी बोलणं झालंय, ते म्हणाले, गच्ची नाही, पण मैदान मोठं आहे.

मुलं विचारतीलच, हा आरसा कुणी केला? मी तुझं नाव सांगेन. मग एखादी चुणचुणीत पोरगी विचारेल, एवढा चांगला आरसा होता तर बाईंनी स्वतः का नाही आणला? तेव्हा मी इकडचं तिकडचं बोलणार नाही, तब्येतीचं कारण सांगणार नाही. मी सांगेन की तो दोन वर्षांपूर्वीच तयार होता, आणि ज्या बाईने तो अडवून धरला ती मीच.

तुझी,
शुभदा